हायफूचं दुखणं आणि घरून लावून यायचं क्रीम

वाचक भगिनीचं पत्र:

"मी 48 वर्षांची. नागपुरात मानेवाड्यात राहते, शाळेत शिकवते. गालाची आणि जबड्याखालची त्वचा सैल पडली म्हणून मागच्या आठवड्यात धरमपेठेतल्या एका क्लिनिकमध्ये हायफू (ध्वनिलहरींनी त्वचा घट्ट करायचा उपचार) करायला गेले. डाव्या बाजूला कसंबसं सहन केलं. उजवीकडे जबड्याच्या हाडावर मशीन आलं तेव्हा दातांच्या मुळातून कळ गेली, डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टर म्हणत राहिली, 'दुखून राहिलं म्हणजेच काम होऊन राहिलं, ताई.' शेवटी मी उठून आले. आता ते म्हणतात, पुढच्या वेळी 30 ग्रॅमची सुन्न करायची ट्यूब देतो, दोन तास आधी घरूनच पूर्ण चेहऱ्याला लावा, वर प्लास्टिक गुंडाळा, दुपट्टा बांधा आणि या. मी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन 40 घेते. भाचीचं लग्न मेच्या शेवटी आहे. क्रीम लावून जाऊ का? भुलीचं इंजेक्शन मागू का? की अर्धवटच सोडून देऊ?"

ताई, सप्रेम नमस्कार.

घरून क्रीम लावून, प्लास्टिक गुंडाळून स्कूटीवर जाऊ नका. हे एवढं आज पक्कं करा, बाकीचं सावकाश ठरवता येईल. उरलेली उजवी बाजू पूर्ण करता येते आणि बरंच कमी दुखून करता येते. पण त्यासाठी क्रीम वाढवायचं नसतं. मशीनची एनर्जी, कार्ट्रिजची (मशीनच्या टोकाला बसणारा, ठिपका किती खोल पडेल ते ठरवणारा भाग) खोली आणि चालवणाऱ्याचा हात बदलावा लागतो.

'दुखतंय म्हणजे काम होतंय' हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाका. ते चुकीचं आहे, आणि त्याच्या भरवशावर बायका भाजेपर्यंत गप्प पडून राहतात. हायफूमध्ये ध्वनिलहरी भिंगातून गोळा झालेल्या उन्हासारख्या त्वचेखाली एका बिंदूवर एकवटतात. तिथे तापमान क्षणभर 60 ते 70 अंशांपर्यंत जातं, तेवढा बारीकसा ठिपका शिजतो आणि शरीर पुढचे दोन-तीन महिने तिथे नवं कोलॅजन बांधत राहतं. कोलॅजन आकसण्याला हे तापमान लागतं, वेदना लागत नाही. वेदना किती होईल हे त्या बिंदूजवळ नस (मज्जातंतू) आहे का, खाली हाड किती जवळ आहे आणि त्या जागी चरबीची गादी किती आहे यावर ठरतं. म्हणून एकाच बाईला, एकाच एनर्जीवर, गालाच्या मधोमध नुसती गरम टोचणी वाटते आणि दोन बोटं खाली जबड्याच्या कडेवर जीव कासावीस होतो. दोन्हीकडे ठिपके सारखेच पडलेले असतात.

तुमच्या जबड्यावर काय झालं असावं, ते सांगतो. कार्ट्रिज साधारण तीन खोलींची असतात: 4.5, 3.0 आणि 1.5 मिलिमीटर. 4.5 ची कार्ट्रिज स्नायूंवरच्या त्या घट्ट पडद्यापर्यंत पोचते, जो शस्त्रक्रियेत सर्जन ओढून शिवतात. गालावर मांस भरपूर असेल तर ती तिथे योग्य. जबड्याच्या कडेवर, हनुवटीवर, गालफडाच्या हाडावर आणि कपाळावर मात्र त्वचेपासून हाड इतकं जवळ असतं की 4.5 चा बिंदू हाडाच्या आवरणापाशी पडू शकतो. त्या आवरणात नसांचं जाळं दाट असतं. दातांत जाणारी कळ बहुतेक तिथूनच आलेली असते, किंवा हनुवटीजवळ हाडातून बाहेर येणाऱ्या नसेवर शॉट (मशीनचा एक मारा) पडलेला असतो. दाढेत चांदीचं सिमेंट किंवा धातूची कॅप असेल तर झणझण आणखी वाढते. तुमचा चेहरा सडपातळ असेल तर हे सगळं दुपटीनं लागू.

आता क्रीम. लिडोकेन 2.5 टक्के आणि प्रिलोकेन 2.5 टक्के असं मिश्रण औषधांच्या दुकानात मिळतं, बहुतेक क्लिनिकांत तेच वापरतात. ते लावून, झाकून एक तास ठेवलं तर साधारण 3 मिलिमीटरपर्यंत सुन्नपणा उतरतो, दोन तास ठेवलं तर 5 मिलिमीटरच्या आसपास. क्लिनिकनं सांगितलेल्या 'दोन तासां'चा हिशेब इथूनच आला असणार. कागदावर तो बरोबर दिसतो, पण चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, औषध मुरतं तसं वाहूनही जातं, त्यामुळे खोलवरचा सुन्नपणा ठिगळा-ठिगळांनी येतो. हाडाच्या आवरणाची कळ तर क्रीमनं जवळजवळ जातच नाही. म्हणजे जिथे तुम्हाला दुखलं तिथे ते कामाचं नाही, आणि जिथे ते काम करतं ती वरची त्वचा हायफूमध्ये मुळातच फारशी दुखत नाही. उलट नुकसान होतं. वरची त्वचा सुन्न असली की मशीनखाली लावलेलं जेल कमी पडून पृष्ठभागावर चटका बसतोय, हे तुम्हाला कळत नाही. हायफूमध्ये पोळल्याचे लांबट व्रण पडतात ते बहुधा असेच: जेल पातळ, हँडपीस (मशीनचा हातात धरायचा भाग) तिरका, मधे हवेची फट, आणि एनर्जी पृष्ठभागावरच साचलेली.

त्यात घरून लावून येण्याचा धोका वेगळा. एका ग्रॅम क्रीममध्ये 25 मिलिग्रॅम लिडोकेन आणि 25 मिलिग्रॅम प्रिलोकेन असतं, म्हणजे 30 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये प्रत्येकी 750 मिलिग्रॅम. धडधाकट त्वचेतून त्यातला थोडाच भाग रक्तात जातो, म्हणून योग्य जागेवर, योग्य वेळ, डॉक्टरांच्या नजरेखाली हे क्रीम सुरक्षितच आहे. पण प्लास्टिक, ऊन, घाम आणि घासलेली किंवा स्क्रब केलेली त्वचा, या चारही गोष्टी मुरण्याचं प्रमाण वाढवतात. मार्चच्या दुपारी दुपट्ट्याखाली प्लास्टिक बांधून मानेवाड्याहून धरमपेठेपर्यंत गाडी चालवली तर चारांतल्या तीन गोष्टी एकत्र होतात. घामाबरोबर क्रीम डोळ्यांत उतरलं तर बुबुळाला इजा होते, आणि डोळाही सुन्न झाल्यानं ती वेळेवर लक्षात येत नाही. औषध रक्तात जास्त गेलं तर आधी ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानांत गूं आवाज, बोलताना जीभ जड होणं आणि चक्कर येते. पुढे झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. हे क्लिनिकमध्ये झालं तर कोणी क्रीम पुसून ऑक्सिजन लावेल. रस्त्यात झालं तर काय?

ट्यूब सीलबंद आहे का आणि तिच्यावर टक्के किती लिहिलेत, हेही बघा. डब्यातून काढून दिलेलं, लेबल नसलेलं, 'आमचं स्पेशल, जास्त स्ट्राँग' असं क्रीम कोणत्याही कारणानं लावू नका. 20 टक्के लिडोकेनचं असं क्रीम 30 ग्रॅम लावलं तर चेहऱ्यावर 6000 मिलिग्रॅम औषध बसतं. तुलनेसाठी, साधं लिडोकेन इंजेक्शननं देताना मोठ्या माणसाला एका वेळी 300 मिलिग्रॅम ही मर्यादा मानतात. लेसरआधी पायांना असं तीव्र क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळल्यानं दोन तरुणींचा मृत्यू झाला, त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2007 मध्ये जाहीर इशारा दिला होता. 2024 मध्ये जास्त टक्क्यांच्या लिडोकेन क्रीमांबद्दल पुन्हा दिला.

प्रिलोकेनबद्दल विदर्भातल्या वाचकांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी. हे औषध काही जणांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि मग ते ऑक्सिजन नीट पोचवत नाही. ओठ-नखं निळसर-राखाडी पडतात, दम लागतो, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 85 च्या आसपास अडकून बसतो आणि ऑक्सिजन देऊनही आकडा चढत नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना आणि डॅप्सोन, सल्फाची औषधं किंवा छातीदुखीच्या नायट्रेट गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. आपल्याकडे सिकलसेलही बऱ्याच घरांत आहे. स्वतःला किंवा भावंडांना यातलं काही असेल तर ते क्रीम लावायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं, फॉर्म भरताना 'नाही' वर टिक मारून मोकळं व्हायचं नाही.

मग दुखणं कमी करायचं कसं? सगळ्यात जास्त फरक मशीनकडून पडतो, म्हणून तिथूनच.

पहिल्या बैठकीची नोंद मागा. कोणत्या भागावर कोणती कार्ट्रिज, किती जूल (एनर्जीचं माप), किती रेषा, हे प्रत्येक बैठकीत लिहून ठेवायला हवं. एका शॉटमध्ये बहुतेक मशीन 25 मिलिमीटर लांबीची ठिपक्यांची एक रेष मारतं, आणि पूर्ण चेहऱ्याला अशा काहीशे रेषा लागतात. नोंद नसेल तर उजवीकडे कुठवर झालं हे कोणाला सांगता येणार नाही, आणि झालेल्या जागेवर पुन्हा शॉट पडतील. आठवड्याभरात त्याच ठिकाणी दुसरा थर म्हणजे नुसतं जास्त दुखणं नाही; चरबी विरघळून गालात खड्डा पडू शकतो. जिथे झालंय तिथे किमान तीन महिने हात लावू देऊ नका, फक्त उरलेली जागा करा.

उरलेल्या जागेसाठी डॉक्टरांना असं सुचवा: जबड्याच्या कडेवर आणि हनुवटीवर 4.5 ऐवजी 3.0 ची कार्ट्रिज, गालावर 4.5 चालेल, पण एनर्जी एक-दोन पायऱ्या खाली. कमी एनर्जीवर रेषा थोड्या वाढवल्या तर काम भागतं, आता हीच पद्धत रूढ होत चालली आहे. एका मशीनचे आकडे दुसऱ्या मशीनला लागू पडत नाहीत, म्हणून 'अमक्या क्लिनिकमध्ये माझ्या बहिणीला इतकेच जूल दिले' असं सांगून उपयोग नाही. तुमच्याच पहिल्या बैठकीच्या आकड्यापेक्षा खाली या, एवढंच मागा. स्क्रीनवर त्वचेखालचं चित्र दिसणारं मशीन असेल तर फार चांगलं, कारण बिंदू मांसात पडतोय की हाडावर, हे मारण्याआधी दिसतं. चित्र नसलेल्या मशीनवर सगळा भरवसा चालवणाऱ्याच्या अनुभवावर असतो.

हाताची एक युक्ती आहे, ती कुशल माणूस न सांगताही करतो. जबड्यावर शॉट मारण्याआधी मोकळ्या हातानं त्वचा आणि मांस हाडावरून वर, गालाकडे सरकवून धरायचं आणि हँडपीस त्या सरकवलेल्या मांसावर टेकवायचा. हाड आणि बिंदू यांच्यात जागा तयार होते. ओठांच्या आसपास करताना ओठ आणि दात यांच्यामध्ये ओल्या गॉजची जाड घडी ठेवायची, दातांची झणझण कमी होते.  सुरुवात गालाच्या मांसल भागापासून करून हाडाकडे यावं. पहिलाच शॉट हनुवटीवर बसला की माणूस पुढचा तासभर अंग आखडून पडतो, आणि आखडलेल्या अंगाला सगळंच जास्त दुखतं.

जेलबद्दल संकोच नको. प्रत्येक पट्ट्याआधी ताजं, जाड जेल हवं. सुकलेलं जेल पसरवून पुढे जात असतील तर 'जेल घाला' म्हणा.

आणि बोलायची पद्धत आधी ठरवा. शून्य ते दहा अशी मोजपट्टी घ्या: शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे उठून पळावंसं वाटणं. चार-पाचपर्यंत चालू ठेवायचं, सहा म्हटलं की एनर्जी कमी करायची, हात वर केला की त्याच क्षणी थांबायचं. आकड्याबरोबर दुखण्याची जातही सांगा, कारण चालवणाऱ्याला खरी मदत त्यानं होते. खोलवर, बोथट, शॉटबरोबर येऊन दोन-तीन सेकंदांत ओसरणारी कळ अपेक्षित आहे. विजेसारखी ओठाकडे, कानाकडे किंवा डोक्यात धावणारी कळ म्हणजे नस जवळ आहे. ती जागा सोडायची. वरच्यावर, टिकून राहणारा, पोळल्यासारखा चटका म्हणजे जेल किंवा टेकवण्यात चूक आहे. ताबडतोब थांबवून त्वचा पुसून बघायची. हे तीन निरोप क्रीमनं, इंजेक्शननं पुसून टाकणं आम्हाला पटत नाही, त्याचं कारण हेच. डोळ्यांच्या खोबणीच्या कडेच्या आत आणि गळ्याच्या मधोमध, थायरॉइडवर, शॉट घेऊच नका. डोळ्याजवळच्या चुकीच्या शॉटनं मोतीबिंदू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

गोळीचं म्हणाल तर तुमच्यासाठी पॅरासिटामॉल बरी. पोटात काही असताना, बैठकीच्या तासभर आधी 650 ची एक, किंवा वजन 50 किलोच्या वर असून यकृताचा त्रास नसेल तर 500 च्या दोन. चोवीस तासांत एकूण 4 ग्रॅमच्या वर कधीच नाही, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही त्यात धरायचं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक बऱ्याच क्लिनिकांत सर्रास देतात. तुम्ही घेऊ नका. टेल्मिसार्टनबरोबर त्या गोळ्या रक्तदाब चढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. शिवाय नवं कोलॅजन बांधायला थोडी सूज लागते, ती दाबू नये म्हणून बैठकीनंतर दोन आठवडे या गोळ्या टाळा असं बरेच त्वचातज्ज्ञ सांगतात. रक्तदाबाची गोळी मात्र त्या दिवशीही रोजच्या वेळी घ्यायची. रक्त पातळ करणारी गोळी कोणी घेत असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

चतुर्थीचा किंवा गुरुवारचा उपास असेल त्या दिवशी बैठक ठेवू नका. रिकाम्या पोटी, घाबरलेल्या माणसाला कळ बसली की रक्तदाब एकदम पडतो आणि भोवळ येते. दीड-दोन तास आधी साधं जेवण, नेहमीएवढं पाणी, आदल्या रात्री पुरेशी झोप. पाळीच्या आधीच्या दिवसांत ज्यांना एरवीही सगळं जास्त बोचतं त्यांनी तारीख आठवडाभर पुढे घ्यावी.

खोलीत थंड हवेचा झोत सोडणारं यंत्र असेल तर ते लावून घ्या. नसेल तर रुमालात गुंडाळलेला आइस पॅक शॉटच्या आधी अर्धा मिनिट आणि लगेच नंतर; बर्फ थेट त्वचेवर नाही. शेजारच्या भागावर कोणी कंप देणारं छोटं मसाजर धरलं तर कळ खरोखर बोथट होते. कंपाचे आणि स्पर्शाचे संदेश मणक्याच्या पातळीवर वेदनेच्या संदेशाची वाट अडवतात, ही कल्पना मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडली आणि दाताच्या इंजेक्शनापासून सगळीकडे ती उपयोगी पडते. शॉट मारण्याआधी 'आता' म्हणायला सांगा आणि त्या क्षणी श्वास तोंडानं सोडा. श्वास रोखून धरला की कळ टोकदार लागते.

इंजेक्शनचा प्रश्न. हनुवटीच्या आणि गालाच्या नसेजवळ लिडोकेन देऊन तो भाग दीड-दोन तास सुन्न करता येतो. नोंदणीकृत डॉक्टर, स्वतः टोचणार, खोलीत ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर आणि विषबाधा उतरवायला लागणारं 20 टक्क्यांचं लिपिड इमल्शन, एवढं असेल तरच त्याचा विचार. शॉट द्यायच्या भागातच भुलीचं पाणी भरून घेऊ नका. मांस फुगतं, खोली बदलते आणि बिंदू भलतीकडे पडतो. क्रीम आणि इंजेक्शन दोन्ही झाली तर औषधाची बेरीज एकत्र धरावी लागते. आणि 'थोडी झोप लागेल असं देतो' हे क्लिनिकच्या खुर्चीत नाही, भूलतज्ज्ञ हजर असलेल्या ठिकाणीच. एनर्जी कमी करून, 3.0 ची कार्ट्रिज घेऊनही दुखणं पाचापर्यंत खाली येत नसेल, तर इंजेक्शन घेऊन तेच रेटण्यापेक्षा ती दोन बोटं जागा सोडून दिलेली बरी. तेवढ्यानं चेहऱ्यात फरक दिसणार नाही.

बऱ्याच क्लिनिकांत 'स्किन टायटनिंग' या एकाच नावाखाली तीन वेगळी कामं चालतात आणि तिन्हींचं दुखणं वेगळं आहे, म्हणून पुढच्या वेळी तुम्हाला कोणी दुसरंच सुचवलं तर उपयोगी पडावं म्हणून लिहितो. पहिलं हायफू झालं. दुसरं आरएफ, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी: त्यात त्वचा वरून तापवतात, बहुतेक मशीनांत पृष्ठभाग 40 ते 43 अंशांपर्यंत. तिथे दुखणं म्हणजे निव्वळ उष्णता, आणि रुग्णाचं 'फार गरम झालं' हाच सुरक्षेचा काटा. या उपचाराच्या सुरुवातीच्या वर्षांत भूल देऊन, एकाच फेऱ्यात जास्त एनर्जी देण्याची पद्धत होती. त्यात भाजणं आणि चरबीचे खड्डे झाले, मग कमी एनर्जीचे अनेक फेरे ही पद्धत आली. म्हणून आरएफला सुन्न करून घेऊ नका. मशीनची वीज परत नेण्यासाठी पाठीला लावायची पट्टी असेल तर ती पूर्ण चिकटलेली हवी, एक कोपरा सुटला तरी तिथे चटका बसतो. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, नाकातली मुरणी सगळं काढायचं, आणि पेसमेकर असेल तर आरएफ नकोच.

तिसरं सुयांचं आरएफ. त्यात सुया काही मिलिमीटर आत जातात, तिथे क्रीम खरंच लागतं आणि उपयोगीही पडतं: क्लिनिकमध्येच, 10 चौरस सेंटिमीटरला 1 ते 2 ग्रॅम या हिशेबानं, 45 मिनिटं ते एक तास. सुई लावण्याआधी ते शेवटच्या थरापर्यंत पुसायचं, नाहीतर सुया तेच आत ढकलतात. स्पिरिटनं पुसलं असेल तर त्वचा पूर्ण वाळू द्यायची, ओल्या स्पिरिटवर ठिणगीचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्टोबर 2025 मध्ये याच उपचाराबद्दल भाजणं, व्रण, चरबी झिजणं आणि नसांना इजा अशा तक्रारींवरून सूचना काढली, आणि हा नुसता सौंदर्योपचार नाही, वैद्यकीय उपचार आहे, हे त्यात स्पष्ट आहे.

डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो, तो बघा, आणि हँडपीस कोण धरणार हे पैसे भरण्याआधी विचारा. गेल्या वेळी सिस्टरनं धरला असेल तर या वेळी डॉक्टरांनीच धरावा असा आग्रह धरा. तुम्ही तो धरायलाच हवा.

नंतरचं. लाली काही तासांची, सूज दोन-तीन दिवसांची. हाडावर दाबलं की ठणका एक-दोन आठवडे राहतो. एखाद्या पट्ट्यात बधिरपणा काही आठवडे टिकू शकतो आणि आपोआप जातो. हेल्मेटचा पट्टा नेमका त्या कडेवरच बसतो, म्हणून पहिला आठवडा पट्ट्याखाली मऊ सुती रुमाल ठेवा, पट्टा सैल मात्र सोडू नका. खारे दाणे, सुपारी, कडक भाकरी चार दिवस बाजूला. शाळेत सलग तास घेतल्यावर जबडा जास्त ठणकेल, तेव्हा शनिवारची बैठक सोयीची. इंजेक्शन घेतलं असेल तर ओठाची जाणीव परत येईपर्यंत चहा नको, तर्री-पोहे तर मुळीच नकोत. भाजतंय आणि चावलं जातंय हे कळणार नाही.

फोड आला, पांढरट किंवा राखाडी पट्टा दिसला, तर ते नेहमीचं नाही. 20 मिनिटं गार पाणी धरायचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कढत येतं, तेव्हा माठातलं किंवा फिल्टरचं घ्या. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर छोट्या चटक्याचाही काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, म्हणून वेळ घालवायची नाही. हसताना ओठ एका बाजूला खेचला गेला, भुवई खाली आली, तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं किंवा ताप आला तरी तसंच. डोळा दुखला, धूसर दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाआधी डोळ्यांचे डॉक्टर. क्लिनिक दाद देत नसेल तर नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आणि मिहानमधल्या एम्सच्या त्वचारोग विभागाची ओपीडी आहे. दम लागणं, निळे ओठ, झटके यासाठी थेट 108.

लग्नाचं गणित असं बसतं. हायफूचा परिणाम दिसायला दोन ते तीन महिने लागतात. डावी बाजू झालेली आहे, उजवी अर्धी. हा फरक मेमध्ये फोटोत उगीच जाणवू नये म्हणून उरलेलं काम मार्च संपायच्या आत उरका. एप्रिलवर गेलं तर लग्नापर्यंत परिणाम पूर्ण दिसणार नाही, आणि वर भर उन्हात डाग पडण्याची जोखीम. त्यानंतर सकाळी एसपीएफ 30 किंवा त्यावरचं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा, आणि गाडीवर सैल सुती दुपट्टा, घासेल असा घट्ट नाही. पुढची पूर्ण बैठक घ्यायचीच असेल तर दिवाळीनंतर.